वळणावरची दाणाभर जागा

हाउन्सलो
९ नोव्हेंबर २०२४

चि. चैत्रालीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने रचते, म्हणून हे पत्र. तू हसशील. पण पंचेचाळीस वर्षं या देशात काढली, त्यातली वीस विमानतळाच्या स्वयंपाकघरात ट्रे भरण्यात गेली, कान तिथेच बसले. शिवाय लेखी असलं की नंतर कुणाला 'मी असं म्हणालेच नव्हते' म्हणता येत नाही.

दिवाळीला आलीस, बरं वाटलं. हे गेल्यापासून पाडव्याला या घरात एकच ताट वाढलं जायचं. या वेळी तीन वाढली.

पण तिसऱ्या ताटाबद्दलच लिहायचं आहे. तुझी ती मैत्रीण. नाव मी कागदावर लिहून ठेवलं आहे, ओबियागेली. नायजेरियाची, चित्रकार, तुमच्या केंब्रिजच्या लॅबमध्ये असते, एवढं तू दारातच घाईघाईने सांगितलंस आणि पुढे काही नाही. तिने दोन चकल्या खाल्ल्या, एक अनारसा अर्धा टाकला आणि मग पोर्चच्या पायरीवर दीड तास बसून राहिली. मी रांगोळी काढत होते आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, रांगोळीकडेही नाही, हाताकडे. माझं पहिलं बोट १९८७ साली ट्रेच्या ट्रॉलीच्या दारात सापडलं आणि वाकडं झालं, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून मी अंगठा आणि मधलं बोट यांच्यात चिमूट धरते. त्यामुळे वळण आलं की रांगोळीचं तांदळाचं पीठ क्षणभर अडतं आणि तिथे एक दाणा मावेल एवढी जागा कोरी राहते. कऱ्हाडला आईने हे पाहिलं असतं तर हात झटकून पुन्हा काढायला लावलं असतं. लोक ते बोट दिसलं की नजर वळवतात. ही बाई बघतच राहिली.

तूही माझ्या डोक्यावर फोन धरून उभी होतीस. 'वहिनीला पाठवायला असेल' म्हणून मी गप्प बसले. चिमूट धर म्हटलं, तर दरवर्षीसारखं 'नंतर' म्हणालीस.

ती कोण, कुणाची आणि तुझ्याकडून तिला काय हवंय, ते नीट लिही. एवढं निरखून एक तर मुलगी बघायला आलेली माणसं बघतात, नाहीतर काहीतरी न्यायला आलेली. आणि माझ्या लग्नाला आता उशीर झाला आहे.

तुझी,
मधुआत्या

---

केंब्रिज
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मधुआत्या,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. ओबीला सांगितलं नाही.

आमच्या लॅबने तिला वर्षभरासाठी बोलावलं आहे आणि मदतीला इंजिनियर म्हणून मला दिलं आहे. ती इग्बो लोकांची. त्यांच्याकडे 'उली' नावाची कला होती, फक्त बायकांची. झाडाच्या शेंगांचा रस काढून अंगावर रेघा काढायच्या, मातीने भिंती रंगवायच्या. अंगावरची आठेक दिवसांत जायची, भिंतीवरची पावसात. पुन्हा काढायची. तुला यात नवीन काही वाटणार नाही, तू रोज सकाळी काढतेस आणि दुसऱ्या सकाळी झाडतेस.

ओबीची आजी त्यात नावाजलेली होती. ती गेली तेव्हा ओबी नऊ वर्षांची होती. मागे उरले सहा फोटो. ते फोटो आम्ही एका यांत्रिक हाताला शिकवतो आहोत, म्हणजे तो काळ्या जमिनीवर पांढऱ्या मातीने आजीच्या रेघा काढेल. रेघ अचूक येते. पण आत्या, मेलेली येते. कारखान्यातल्यासारखी. ओबी बघते आणि उठून जाते.

म्हणून ती तुझ्या हाताकडे बघत होती. दुसरं काही नाही. तिला एकदा येऊन तुझ्याशी बोलायचं आहे. चालेल का?

व्हिडिओ आईला पाठवला. तिला फार आवडला.

तुझी,
चैत्राली

---

हाउन्सलो
२ डिसेंबर २०२४

चि. चैत्रालीस,
अनेक आशीर्वाद.

नाही चालणार.

कारण सांगते. आमच्या मंडळातली सुप्रभा तुला माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्या बाईने तिच्याकडे चार दुपारी बसून काळ्या मसाल्याचं प्रमाण 'सहज' विचारून घेतलं. आज तो मसाला ईलिंगच्या दुकानात बाटलीत मिळतो आणि बाटलीवर त्या बाईचा हसरा फोटो आहे. ती बाई पुण्याची होती, सदाशिव पेठेतली. म्हणजे मी ओबी परकी म्हणून बोलते आहे असं समजू नकोस.

ती काळी आहे म्हणूनही नाही. हे वाक्य मी खोडणार होते. ज्याअर्थी लिहावंसं वाटलं त्याअर्थी थोडं तसंही असणार. राहू दे, लेखी असलेलं बरं.

मला एवढंच कळतं की तिला तिच्या आजीच्या रेघेत जीव हवा आहे आणि तो जीव ती माझ्या पोर्चमध्ये शोधत होती. माझ्याकडे तो हात सोडून आहे काय? मूल नाही, हे नाहीत, घरात बोलायला रेडिओ. रोज सकाळी ओंजळभर पीठ घेऊन बसते, तेवढा अर्धा तास मी कुणाची तरी लेक असते. ते यंत्रात भरायचं नाही. तिला सांग, म्हातारी नाही म्हणाली. स्पष्ट सांग, गुळमुळीत नको.

थंडी वाढली आहे. लोकरीचे मोजे पाठवते आहे, घाल.

मधुआत्या

---

केंब्रिज
२० जानेवारी २०२५

प्रिय मधुआत्या,
सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. ख्रिसमसची सुट्टीही लॅबमध्येच गेली. मोजे घालते आहे.

आणि जमलं! गेल्या मंगळवारी यंत्राने पहिल्यांदा चंद्रकोर काढली आणि ती रेघ जिवंत होती. ओबी जमिनीवर बसली आणि रडली. म्हणाली, अंगणात कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतंय. मार्चमध्ये प्रदर्शन आहे.

कसं जमलं ते फार टेक्निकल आहे. प्रोग्राममध्ये बरेच बदल केले.

तुझा निरोप तिला दिला.

चैत्राली

---

हाउन्सलो
६ फेब्रुवारी २०२५

चि. चैत्रालीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र इतकं लहान होतं की मी पाकिटात पुन्हा हात घालून पाहिला.

काल पोस्टाने एक खोका आला. आत हिरव्या पानात गुंडाळलेल्या चार बिया होत्या, लालसर, सुपारीहून मोठ्या, फाकी पडणाऱ्या. सोबत पांढऱ्या मातीचा एक गोळा. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं: 'ज्येष्ठांना आदराने. तुम्ही जे दिलंत त्याबद्दल. ओबियागेली.'

मी तिला काय दिलं? दोन चकल्या आणि अर्धा अनारसा. एवढ्यासाठी कुणी तीन महिन्यांनी पानात गुंडाळून बिया पाठवतं? मी नकार कळवला आणि उत्तरादाखल हे आलं. कऱ्हाडला कुणाच्या उंबऱ्यावर असं काही सापडलं असतं तर अख्खी गल्ली जमली असती. मी करणीबिरणी मानत नाही. तरी चिमट्याने उचललं, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि दुपारच्या बसने जाऊन सगळं क्रेन नदीत सोडून आले. पुलावर एक इंग्रज बाई कुत्रा घेऊन उभी होती, तिने विचारलं, 'आर यू ऑल राइट, लव्ह?' मी म्हटलं, 'आता आहे.'

आता सरळ उत्तर दे. माझा नकार तू तिला सांगितलास का? आणि सांगितलास तर ही बाई आभार कशाचे मानते आहे?

मधुआत्या

---

केंब्रिज
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मधुआत्या,

अगं, त्या कोलाच्या बिया! इग्बो लोकांत मोठ्या माणसांकडे जाताना, किंवा त्यांच्याकडून काही घेतलं की आधी कोला पुढे करतात. माती स्वागताची असते, शुभ असते. आपला विडा-सुपारी समज. नदीत कशाला सोडलंस!

आभार फराळाचे. तिच्याकडे अशीच पद्धत आहे.

कामाची फार घाई आहे. प्रदर्शन झालं की येते.

चैत्राली

---

हाउन्सलो
३ एप्रिल २०२५

चि. चैत्रालीस,

मी काल केंब्रिजला येऊन गेले. तुला कळवलं नाही. मला न सांगता काही होत असेल तर मीही न सांगताच जाणार.

झालं असं, की आमच्या मंडळातल्या शशीचा मुलगा नकुल तिथे शिकतो. त्याने आईला फोटो पाठवला, 'इथे एक रोबोट रांगोळी काढतोय.' शशीने तो मला गुढीपाडव्याला श्रीखंड खाताना दाखवला. फोटोत काही कळलं नाही, पण तू मला बोलावलं नव्हतंस हे मात्र कळलं. पिकॅडिली लाइनने किंग्ज क्रॉसला गेले, तिथून गाडीने आले आणि स्टेशनपासून विचारत विचारत हॉल गाठला.

खरं सांगायचं तर नाक मुरडायला गेले होते. आत काळी जमीन, तिच्यावर तो लोखंडी हात सावकाश फिरत होता आणि पांढरी माती सोडत होता. पाल काढली, मग कोलाच्या फाकी, मग चंद्र. भोवती तीसेक माणसं उभी. मी पुढे सरकले. पालीची शेपटी वळली आणि वळणावर एक दाणा मावेल एवढी जागा कोरी राहिली. मला वाटलं, माती अडकली असेल. दुसऱ्या वळणावर तीच. तिसऱ्या वळणावर तीच. अकरा वळणं मी मोजली, चैत्राली.

तरी मी खात्री केली. कॅफेत गेले, साखरेची पुडी फोडली, टेबलावर चिमटीने तसंच वळण काढलं. साखर तिथेच अडली. माझं वाकडं बोट त्या यंत्राला लागलं आहे.

तुला एक सांगते, मला आधी अभिमान वाटला. मग लाज वाटली, माझी चूक एवढ्या माणसांपुढे मांडली म्हणून. मग राग आला आणि तो अजून आहे.

भिंतीवर पाटी होती. 'हाताची हालचाल: एक ज्येष्ठ स्त्री. नाव न देण्याची विनंती त्यांनी केली आहे.' मी कधी केली विनंती? काय साळसूदपणा! चोरी करायची ती करायची, वर माझ्या तोंडी नम्रपणा घालायचा. आता कळलं आभार कशाचे होते ते. बिया पाठवून चोरी धुऊन घेत होती.

तूही यात फसली आहेस पोरी. तू तिच्या शेजारी रोज बसतेस, फोन टेबलावर टाकून चहा आणायला जातेस. तुझ्या नकळत तिने त्यातून घेतलं असणार. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

आता काम ऐक. पाटीवरच लिहिलं आहे की एक संग्रहालय हे कायमचं ठेवून घेणार, पंधरा तारखेला ठरणार. त्याआधी त्यांना पत्र गेलं पाहिजे: ओबियागेलीने माझी परवानगी न घेता माझा हात चोरला. माझं इंग्रजी दुकानापुरतं. तुझं चांगलं आहे. तू लिहून पाठव, मी सही करते. या देशात माझं म्हणावं असं माणूस तूच आहेस, दुसऱ्या कुणाला सांगू?

परतीच्या टपालाने पाठव.

मधुआत्या

---

केंब्रिज
७ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तीन दिवसांत ते पत्र चारदा लिहायला बसले. 'ओबियागेलीने' एवढं लिहिलं की पुढचा शब्द टाइप होत नाही. कारण ते खोटं आहे.

तुझा हात मी घेतला.

दिवाळीचा तो व्हिडिओ आईला पाठवायला नव्हता. म्हणजे तिलाही पाठवला, पण फोनमध्ये मी आधीच एक प्रोग्राम टाकून आले होते. तो बोटांचे सांधे ओळखतो, चिमूट किती दाबली जाते ते मोजतो. एक तास बावीस मिनिटं. वाटलं होतं, नंतर तुला विचारू, तू हो म्हणशील, मग वापरू. ओबी तर म्हणत होती की आधी ती स्वतः येईल, तुझ्यासमोर कोला ठेवेल आणि मग विचारेल.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं. 'नाही चालणार.' मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ओबीला सांगितलं की आत्या हो म्हणाली, फक्त तिला कुणाला भेटायचं नाही आणि नाव नको आहे. ती खूश झाली. तुझ्याबद्दल म्हणाली, 'माझी आजीही अशीच होती, लाजरी.' म्हणून तिने कोला पाठवला. तू तो नदीत टाकलास हे वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. किती वाईट आहे हे.

का केलं? कारणं आहेत, पण लिहिली की सगळी बारीक दिसतात. रेघ मेलेली येत होती, माझ्या कामाचं वर्ष संपत होतं, लॅबमध्ये सगळे विचारत होते. आणि आत्या, तुझ्या पत्रातून मला एक सोय झाली. तू तिच्यावर इतका संशय घेतला होतास की मी स्वतःशीच म्हटलं, आत्याचा नकार तिच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. मी तर घरचीच.

पत्र लिहायचंच असेल तर माझं नाव घालून लिही. मी इंग्रजी करून देईन. ओबीला आज सांगणार आहे.

चैत्राली

---

केंब्रिज
२६ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं काही उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. शशीकाकूंना विचारलं, त्या म्हणाल्या तू ठीक आहेस आणि माझं नाव काढलं की भाजी निवडायला घेतेस.

एवढंच कळवायचं होतं. ओबीला सांगितलं त्याच दिवशी तिने यंत्र बंद केलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जमिनीवरची माती तिने स्वतः झाडून काढली, दारावर 'बंद आहे' लावलं आणि संग्रहालयाला कळवलं की तूर्त काही ठरवू नका. मग मला म्हणाली, 'जी परवानगी नव्हतीच, तिच्यासाठी मी एका म्हाताऱ्या बाईला कोला पाठवला. तू मला तिच्या दारात चोर म्हणून उभं केलंस.' तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझा पत्ता तिला दिवाळीपासून माहीत आहे. ती आली तर दार उघड. माझ्यासाठी नको, पण उघड.

चैत्राली

---

हाउन्सलो
२२ मे २०२५

चि. चैत्रालीस,

आशीर्वाद लिहायला हात वळला नाही, तो शेवटी बघू.

तुझं सात एप्रिलचं पत्र आलं त्या दिवशी मी रांगोळी काढली नाही. पुढचे सहा आठवडेही नाही. चिमूट भरली की तुझा फोन डोक्यावर आहे असं वाटायचं. तू माझ्याकडून काय नेलंस ते तुला कळावं म्हणून लिहिते आहे, टोचायला नाही. थोडं टोचायलाही.

मागच्या बुधवारी दुपारी बेल वाजली. साखळी लावून दार उघडलं तर ओबी. दिवाळीला तू सोबत होतीस म्हणून साखळी काढली होती, पण मनातून मी तेव्हाही अर्धंच दार उघडलं होतं. तिच्या हातात बशी होती आणि बशीत कोला. आत ये म्हणेपर्यंत ती पायरीवरच उभी. मी म्हटलं, 'पहिल्या बिया मी नदीत सोडल्या.' माझं इंग्रजी कमी पडेल म्हणून हाताने ओवाळून, फेकून दाखवलं. तिला कळायला वेळ लागला. मग इतकी हसली की बशी मलाच धरावी लागली. डोळे पुसत म्हणाली, तिच्या आजीनेही हेच केलं असतं.

मी त्या मुलीला पाच महिने चोर समजत होते. पहिल्या दिवशी ओळखलं होतं म्हणे. वास बरोबर आला होता, पण मी शेजारचंच दार ठोठावत बसले. तिची क्षमा मागितली. मला लाज वाटली आणि ती तिला दिसली, तरी ती मान खाली घालून बसून राहिली, मोठ्या माणसासमोर बसतात तशी.

मग तिने लॅपटॉप काढला. म्हणाली, तुमचा हात यात आहे, एक बटण दाबलं की जाईल, तुमच्यासमोर दाबायला आले आहे. बोट बटणावर ठेवून थांबली. वर्षभराचं काम, संग्रहालय, सगळं त्या बोटाखाली. ती खोटं करत नव्हती. मी विमानतळावर वीस वर्षं सुपरवायझरांचे चेहरे वाचले आहेत.

मी म्हटलं, थांब. आधी मला दाखव, तुझी आजी कसं काढायची. तिच्या पिशवीत रसाची लहान बाटली होती, वाळवलेल्या शेंगांचा रस, मावशीने पाठवलेला. माझ्या डाव्या हातावर तिने काडीने चंद्र काढला, शेजारी कोलाच्या फाकी, आणि बाकी हात कोराच ठेवला. म्हणाली, कोरी जागाही चित्रातच असते. पण चैत्राली, काढताना तिचा हात अडखळत होता. रेघ दोनदा घसरली. तिने मान वर न करता सांगितलं, 'मला येत नाही. नऊ वर्षांची होते. आजी बोलवायची आणि मी नंतर म्हणायचे.'

मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला तू दिसलीस. पोर्चमध्ये उभी, हातात फोन. किती वर्षं मी तुला म्हणते आहे, बस, चिमूट धर. तू चिमूट धरली असतीस तर माझ्या परवानगीशिवाय सगळा हात तुझाच झाला असता. तोच एक मार्ग होता न विचारता न्यायचा.

तिचं बटण मी दाबू दिलं नाही. हात राहू दे म्हटलं, आजीच्या रेघा काढू दे त्याला. अटी दोन. पाटीवर नाव येईल, 'मधुमती पोंक्षे, हाउन्सलो.' विनंतीबिनंती काही नाही. आणि तिने दर बुधवारी इथे येऊन चिमूट शिकायची, म्हणजे उद्या यंत्र बिघडलं तर रेघ अडून राहायला नको. काल दुसऱ्यांदा आली. तिचं बोट सरळ आहे, वळणावर जागा राहत नाही. म्हणाली, तुमच्यासारखी का येत नाही? मी म्हटलं, ती माझी चूक आहे, तुझी बरोबर आहे, आईने तुझीच ठेवली असती.

संग्रहालयाचं जूनमध्ये ठरेल. ठरेल असं ती म्हणते. आज आठवा दिवस, हातावरचा चंद्र जवळजवळ गेला. फोटो तिने काढला नाही, मीही नाही.

मी तुला माफ केलं का, हे तू कुठल्याच पत्रात विचारलं नाहीस. ते बरं केलंस. तू खरं लिहिलंस आणि तिच्यावर ढकललं नाहीस, एवढं मी त्या पत्रातून बाजूला काढून ठेवलं आहे. बाकीच्याला वेळ लागेल. आज सकाळी पोर्चमध्ये पुन्हा रांगोळी काढली, लहानशी, एक कासव.

दिवाळीला ये. तीन ताटं वाढणार आहे. यायचं तर सकाळी आठला ये, रांगोळीच्या वेळेला, आणि तुझा फोन बाहेर चपलांशेजारी ठेवायचा. ओबीचा आत आलेला चालेल.

अनेक आशीर्वाद.
मधुआत्या